परीक्षानळीत दिसलेला डीएनएचा आकार जिवंत पेशीतही तसाच असतो का?

नेहमी असतोच असं नाही. तो जिवंत पेशीत पाहता येतो का, हेही तुम्ही पुढे विचारलंय; तर हो, येतो. मी काही वर्षं हेच काम केलंय : पेशी जिवंत ठेवून त्यांचं एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजून रेणूचा आकार ओळखायची पद्धत.

माणसाच्या टेलोमिअरमधला, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाकडचा, टीटीएजीजीजी हा पुन्हा पुन्हा येणारा क्रम बघा. तो चौपदरी घडी घालतो, तिला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. सोडियमच्या द्रावणात ती एक प्रकारची, पोटॅशियमच्या द्रावणात दुसरी, आणि २००२ साली स्फटिकात सापडली ती तिसरीच, समांतर, म्हणजे चारही पदर एकाच दिशेने जाणारी. पेशीतल्या गर्दीची नक्कल म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळलं की समांतर घडीच येते, त्यामुळे अनेकांना तीच खरी वाटली. पण बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात पाहिल्यावर ती पसंतीची घडी ठरली नाही. मला वाटतं, नकलेवर विसंबू नये हे यातून स्पष्ट होतं.

पेशीत इतकी प्रथिनं असताना डीएनए वेगळा कसा ओळखायचा? बेसच्या जोडीत अडकलेल्या इमिनो प्रोटॉनवरून, म्हणजे बेसमधल्या नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनवरून. साध्या दुहेरी सर्पिलात त्याचा सिग्नल १२ ते १४ पीपीएमच्या (वर्णपटातली जागा सांगायचं एकक) आसपास येतो, जी-क्वाड्रुप्लेक्समध्ये साधारण १० ते १२, आय-मोटिफमध्ये (सी हा बेस भरपूर असलेल्या डीएनएची चौपदरी घडी) १५ ते १६. प्रथिनांचे सिग्नल बहुतेक १० च्या खालीच असतात, म्हणून ही जागा बरीचशी मोकळी मिळते. डीएनए बेडकाच्या अंडपेशीत सुईने टोचतात, हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्कपेशी) विजेच्या झटक्याने घालतात. हेला पेशींत २०१८ साली आय-मोटिफ असाच दिसला.

मोजणी झाली की पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या आणि वरच्या द्रावणाचाही वर्णपट घ्यायचा. हे कधीही टाळू नका. माझ्या एका देखण्या वर्णपटातले जवळजवळ सगळे सिग्नल त्या वरच्या द्रावणातून निघाले. मोजणी चालू असताना पेशी मरत होत्या, डीएनए बाहेर गळत होता. तो सगळा प्रयोग मी टाकून दिला.

शिवाय डीएनए पेशीत नैसर्गिकपणे असतो त्याहून खूप जास्त घालावा लागतो. प्रथिनाला चिकटलेला डीएनए सावकाश फिरतो, त्याचा सिग्नल पसरून दिसेनासा होतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो मुख्यतः मोकळा भाग.

सुरुवात करणार असाल तर डीएनएला फ्लोरिनची खूण लावून त्या फ्लोरिनचा सिग्नल बघा. पेशीत स्वतःचं फ्लोरिन जवळपास नसतंच, त्यामुळे पार्श्वभूमी कोरी मिळते. फक्त खुणेने घडीच बदलली नाही ना, हे आधी परीक्षानळीत वितळण्याचं, म्हणजे घडी उलगडण्याचं, तापमान मोजून तपासा.