सतारीसाठी घर तारण ठेवावं का?

मिरजेहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा:

"माझं वय 61. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, पेन्शन 46 हजार. घर स्वतःचं, त्यावर कर्ज नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख आहेत. मुलीच्या लग्नासाठी 8 लाखांची एफडी वेगळी ठेवली आहे. मुलगी 25 वर्षांची, सतार वाजवते. संगीतात एम. ए., आकाशवाणीची बी-हाय श्रेणी. तिच्याकडे 11 विद्यार्थी आहेत, त्यातले 4 अमेरिकेतले, ऑनलाइन शिकणारे. शिकवण्या आणि कार्यक्रम धरून महिन्याला 25 हजारांच्या आसपास मिळतात. न्यू जर्सीतल्या एका संयोजकांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहा आठवड्यांत 9 कार्यक्रम देऊ केले आहेत, प्रत्येकी 500 डॉलर मानधन. खर्च मात्र आपला, तो 15 लाख. या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत 2 लाख टोकन मागितलं आहे. बँक 10.5 टक्क्यांनी सात वर्षांसाठी 15 लाख द्यायला तयार आहे, घर तारण ठेवून. तिचे गुरुजी म्हणतात, जाऊ दे. माझे मेहुणे म्हणतात, वेड लागलंय. काय करू?"

नमस्कार काका,

मेहुण्यांचं वाक्य मी खोडणार नाही, पण त्यांचं कारण मला पटत नाही. मुलीने परदेशात वाजवायची स्वप्नं बघणं यात वेड काही नाही. तुमच्या पत्राबरोबर आलेला संयोजकांचा कागद मात्र मी तीनदा वाचला. त्यांनी 15 लाखांची फोड अशी दिली आहे: समन्वय 5 लाख, व्हिसा आणि वकील 3 लाख 20 हजार, सतारीचं आणि तबल्याचं अशी दोन विमान तिकिटं 2 लाख 60 हजार, अमेरिकेतला प्रवास 2 लाख 20 हजार, राहणं-खाणं 1 लाख 20 हजार, विमा आणि किरकोळ 80 हजार. बेरीज बरोबर आहे. फक्त या कागदावर तबलजींचं मानधन कुठेच नाही.

आधी जमेची बाजू बघू. 9 कार्यक्रमांचे 4,500 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 4 लाख 5 हजार. पण हे हातात येत नाहीत. अमेरिकेत बाहेरच्या कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे 30 टक्के कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारात कलाकारांना सूट आहे, पण दौऱ्याचा खर्च वजा जाता वर्षाची निव्वळ प्राप्ती 1,500 डॉलरच्या आत असेल तरच. हा निव्वळ आकडा वर्ष संपल्यावरच ठरतो, त्यामुळे कापणी आधी होतेच. म्हणजे 1,350 डॉलर कापले, उरले 3,150. तबलजींना कार्यक्रमामागे 150 डॉलर दिले तर आणखी 1,350 गेले. हातात 1,800 डॉलर, म्हणजे 1 लाख 62 हजार रुपये. त्यासाठी 15 लाख.

कापलेल्या कराची एक गोम आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. बाहेर भरलेल्या कराचं क्रेडिट भारतात मिळतं हे खरं, पण भारतात कर बसत असेल तर. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तिचं उत्पन्न त्याच्या पुष्कळ खाली आहे. जिथे देणंच शून्य, तिथे वळतं कशातून करणार? ते पैसे परत मिळवायचा रस्ता अमेरिकेतूनच जातो: तिथला कर क्रमांक काढायचा, वर्ष संपल्यावर तिथे रिटर्न भरायचं, खर्च वजा दाखवायचे. होतं हे, पण कुणीतरी करावं लागतं. संयोजकांच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही.

तुमच्या शेजाऱ्यांनी "कलाकारांची परदेशी कमाई करमुक्त असते" असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. 80आरआर नावाचं कलम खरंच होतं; लेखक, वादक, नट, खेळाडू यांच्या परदेशी उत्पन्नावर त्यात वजावट मिळे. सचिन तेंडुलकरने जाहिरातींच्या परदेशी कमाईवर 'अभिनेता' म्हणून ती मागितली होती आणि 2011 मध्ये प्राप्तिकर न्यायाधिकरणाने मान्यही केली. पण तो वाद जुन्या वर्षांचा होता. ते कलम बंद होऊन 20 वर्षं झाली.

आता व्हिसा, आणि इथे मला खरी काळजी वाटते. संयोजकांनी लिहिलंय, "खर्च वाचवायचा असेल तर पहिल्या खेपेला व्हिजिटर व्हिसावरही येता येईल." काका, मानधन घेऊन वाजवणाऱ्याला तो व्हिसा चालत नाही. विमानतळावर सतार आणि नऊ कार्यक्रमांची पत्रिका घेऊन "फिरायला आले" म्हणायचं, आणि परत पाठवलं की तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात उत्तर मागतो. पंचविसाव्या वर्षी हा धोका घ्यायचा नसतो. आपल्या संगीतकारांसाठी सहसा वापरला जाणारा व्हिसा म्हणजे पी-3. त्याची याचिका अमेरिकेतल्या संस्थेने किंवा एजंटने दाखल करायची असते, कलाकाराला स्वतःहून करता येत नाही. साथीदारासाठी वेगळा अर्जही लागू शकतो. मंजुरीनंतर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. जुलै उजाडला आहे. सप्टेंबरला पोचायचं तर घाईची प्रीमियम फी भरावी लागेल आणि ती एकटीच अडीच हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे सव्वादोन लाखांहून जास्त. मग मूळ फी, वकील आणि दुसरा अर्ज हे सगळं उरलेल्या लाखाभरात बसवणार कसं? माझा अंदाज, त्यांनी अजून काहीच दाखल केलेलं नाही आणि करण्याचा विचारही पक्का नाही. व्हिसा नाकारला तर भरलेल्या फीचे पैसे परत येत नाहीत. तेव्हा 5 लाखांच्या 'समन्वया'चं काय, हेही कागदावर नाही.

कर्जाचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. 15 लाख, 10.5 टक्के, सात वर्षं: हप्ता साधारण 25,300. एकूण परतफेड सव्वाएकवीस लाखांच्या आसपास. तुमच्या 46 हजारांतून उरतात 20,700, आणि बचत योजनेचं तिमाही व्याज 41 हजार. काकूंचं एक मोठं आजारपण आलं की हे गणित मोडेल. आणि मुलीचं काय होईल ते बघा. रियाजाला बसल्यावर तिच्या डोक्यात हप्त्याची तारीख असेल. सुचेल तो राग वाजवण्याऐवजी पैसे मिळतील ते वाजवत राहील, फ्यूजनच्या प्रत्येक हाकेला ओ देईल. सात वर्षं. वादकाच्या आयुष्यातली पंचविशी ते बत्तिशी म्हणजे हात आणि विचार दोन्ही पक्के होण्याचा काळ.

तेव्हा घर तारण ठेवू नका. बचत योजनेलाही हात लावू नका. मुदतीआधी बंद केली तर मुद्दलातून एक ते दीड टक्का कापतात (पहिल्या वर्षात बंद केली तर दिलेलं व्याज वसूल करतात), आणि 8.2 टक्क्यांचं दुसरं सुरक्षित ठिकाण तुमच्या वयात मला दिसत नाही.

पण म्हणून मुलीने मिरजेतच बसावं का? नाही. माझं म्हणणं एवढंच, की आमंत्रण म्हणजे बोलावणारा खर्च करतो. आपणच सगळं भरलं तर ती खरेदी झाली, आणि खरेदीचं मोल बाजारभावाने करायचं. माझ्याकडे येणारा एक तबलजी अशाच पॅकेजवर चार लाख देऊन गेला होता. नऊ कार्यक्रमांपैकी सहा घरांच्या तळघरांत झाले, तीस-चाळीस श्रोते, गाजर हलवा उत्तम. त्यात कमीपणा काही नाही, घरगुती मैफलींतूनच आपलं संगीत तिकडे पसरलं. पण तळघरातल्या मैफलीसाठी समन्वयाचे लाखो रुपये लागत नाहीत. यजमानाचा एक फोन पुरतो.

आणि तो फोन कोण करणार, तर तुमच्या मुलीचे ते चार ऑनलाइन विद्यार्थी. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख अर्ध्या ओळीत उरकलाय. मला तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ती त्यांच्याकडून तासाला 800 रुपये घेते. आणखी सहा विद्यार्थी मिळवले, आठवड्याला एक तास, 20 डॉलर दराने, तर महिन्याला 480 डॉलर, 43 हजार रुपये होतात. सहा आठवड्यांचा तो अख्खा दौरा जेवढे हातात ठेवतो तेवढे हे सहाजण चार महिन्यांच्या आत देतात. मिरजेत बसून शिकवलं तर अमेरिकेत कर कापण्याचा प्रश्न येत नाही. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ 1955 साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या आमंत्रणावरून अमेरिकेत गेले, पण त्यांचे पाय तिथे रोवले गेले ते 1967 मध्ये काढलेल्या कॉलेजमुळे. तिथे शिकलेल्यांनीच पुढे श्रोते गोळा केले. तुमच्या मुलीने कॉलेज काढायचं नाहीये. दहा विद्यार्थी पुरेत.

पैसे घालायचेच असतील तर लग्नाच्या 8 लाखांतले 3 लाख घाला. नातेवाईक काय म्हणतील ते तुम्हीच लिहिलंय. मी एवढंच म्हणेन, की ते पैसे तिच्या नावाने ठेवले आहेत तर ते कशावर खर्च व्हावेत हे तिला विचारा. या 3 लाखांपलीकडे जायचं नाही, हे आजच वहीत लिहून ठेवा. त्यातले लाखभर दोन चांगल्या व्हिडिओ ध्वनिमुद्रणांवर जाऊ देत: एक पूर्ण विलंबित-द्रुत, एक छोटं. मोबाइलवरचे नकोत, दोन-तीन कॅमेरे आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रक हवा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिथे सतारीचे भोपळे वाळतात आणि जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) लागते त्याच गावची वादक, त्याच गावची सतार, ही गोष्ट न्यू जर्सीतल्या कोणाकडे नाही. सतारमेकर गल्लीत पाच मिनिटं चित्रित करा.

उरलेले दोन लाख पहिल्या छोट्या दौऱ्यात मानधन वजा जाता जी तूट येईल तिच्यासाठी राखून ठेवा, आणि तो दौरा मी ब्रिटनचा धरेन. तिथे जानेवारी 2024 पासून साध्या व्हिजिटर व्हिसावर, आधीच ठरलेले आणि आमंत्रणपत्र असलेले कार्यक्रम मानधन घेऊन करता येतात, पोचल्यापासून 30 दिवसांच्या आत. व्हिसा फी 2025 मध्ये 127 पाउंड होती. तिथल्या एकूण मानधनाची रक्कम 12,570 पाउंडच्या आत असेल तर आयोजकाला कर कापावा लागत नाही. पाउंड 118 धरून माझा कच्चा हिशेब: तिकीट 80 हजार, व्हिसा 15, विमा 8, अंतर्गत प्रवास 45, राहणं 30, तबल्याचं मानधन पाच कार्यक्रमांचे 500 पाउंड म्हणजे 59, वरखर्चाला 43 हजार. एकूण 2 लाख 80 हजार. पाच कार्यक्रम 350 पाउंडने मिळाले तर 2 लाख 6 हजार परत. तोटा 75 हजारांच्या आसपास, तोही मी मान्य करेन. पहिल्या दौऱ्यात कमाई होत नाही, ओळखी होतात. आणि समजा पाचांतले तीनच कार्यक्रम ठरले, तरी नुकसान दोन लाखांच्या आत राहतं. तबलजी इथून नेऊ नका, लंडन-लेस्टर-बर्मिंगहॅमकडे साथ करणारे उत्तम लोक आहेत, एक तिकीट वाचेल. (गुरुजींना हे आवडणार नाही. त्यांना माझं नाव सांगा.)

आमंत्रण कोणाकडे मागायचं? लंडनचं भारतीय विद्या भवन आहे. 1932 पासून चालणारं तिथलं महाराष्ट्र मंडळ आहे. दरबार महोत्सवासारख्या मंचावर पहिल्याच वर्षी संधी मिळेल असं समजू नका, पण ध्वनिमुद्रण पाठवून ठेवायला पैसे पडत नाहीत. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली गावोगावची मंडळं आहेत. तिथे पत्र लिहिताना "खर्च तुमचा, मानधन वाटाघाटीने" असं सरळ लिहावं, लाजू नये. इकडे आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) कलाकार पॅनेलसाठी अर्ज करा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या, 18 ते 25 वयोगटासाठीच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीचाही विचार व्हायला हवा होता; दोन वर्षं महिना 5 हजार मिळतात. तिच्या जन्मतारखेत ते बसतंय का, ते आजच बघा.

दोन कामं रटाळ आहेत, पण करा. तिचं प्राप्तिकर रिटर्न कर बसत नसला तरी दरवर्षी भरा, व्हिसा अधिकाऱ्यासमोर "व्यावसायिक कलाकार" सिद्ध करायला तीन वर्षांची रिटर्न्स प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात. आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी बँकेतून घ्या, प्रत्येक रकमेची पावती जपा. सतारीसाठी टणक पेटी मात्र आताच घ्या. घरात हस्तिदंताचं किंवा शिंगाचं काम असलेली आजोबांची सतार असेल तर ती प्रवासाला नेऊ नका, कस्टममध्ये अडकेल.

राहिलं टोकन. ते देऊ नका. संयोजकांना मेल पाठवा आणि तीनच गोष्टी विचारा: पी-3 ची याचिका कोणाच्या नावाने, कोणत्या तारखेला दाखल झाली आणि पावती क्रमांक काय; नऊ सभागृहांची नावं आणि त्यांची लेखी निश्चिती; व्हिसा नाकारला तर 5 लाखांतले किती, किती दिवसांत परत. मेल मुलीच्या नावाने जाऊ दे, तुमच्या नव्हे. 10 तारखेपर्यंत तिन्हींची उत्तरं आली तर मला पुन्हा लिहा, मी हिशेब नव्याने मांडेन. फक्त "वेळ फार कमी आहे" एवढंच उत्तर आलं, तर त्या दिवशी तिला सहा नव्या विद्यार्थ्यांची जाहिरात लिहायला बसवा.