ॲनोड धन की ऋण? बारावीची इलेक्ट्रोकेमिस्ट्री डोक्यात कशी बसवावी?

प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी सायन्स. सेलमध्ये ॲनोड निगेटिव्ह, इलेक्ट्रोलिसिसमध्ये तोच पॉझिटिव्ह. पाठ करून जातो आणि पेपरात नेमकं उलटं लिहितो. काय करू?

बारावीला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मराठी माध्यमातून आलेल्या पुष्कळांचं घोडं इथेच अडतं, माझंही अडलं होतं. यात दोष शब्दाचा आहे. दहावीपर्यंत आपण ॲनोडला धनाग्र म्हणतो आणि कॅथोडला ऋणाग्र. म्हणजे चिन्ह नावातच शिवून टाकलेलं. विद्युत अपघटनापुरतं, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसपुरतं, ते चालतं. गॅल्व्हानिक सेल, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून वीज देणारा सेल, आला की मात्र 'धनाग्र ऋण असतं' असं वाक्य तयार होतं, आणि ते वाचून कुणाचंही डोकं फिरेल. मायकेल फॅरडेने १८३४ साली हे शब्द वापरात आणले, विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानाच्या मदतीने. मूळ ग्रीक अर्थ एवढाच: एक वर जाणारी वाट, दुसरी खाली उतरणारी. धन-ऋण त्यात नाहीच.

म्हणून धनाग्र-ऋणाग्र सध्या माळ्यावर टाक. जिथे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सोडणं) तो ॲनोड, जिथे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) तो कॅथोड. चिन्ह सगळ्यात शेवटी काढायचं.

मला हे मालवणात मामाच्या बोटीखाली बसून समजलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोट वर ओढून ठेवलेली असते. खरवडणं, रंग मारणं ही कामं आम्हा पोरांवर. बोटीचा पंखा ब्राँझचा, सुकाणूचं पान लोखंडाचं, आणि त्या पानावर साबणाच्या वडीएवढा जस्ताचा तुकडा बोल्टने आवळलेला. सगळे त्याला झिंक म्हणतात. एका वर्षी मी सुकाणूला रंग मारला तो झिंकसकट, चांगले दोन हात. पुढच्या मे महिन्यात बोट वर काढली तर झिंक कोरं करकरीत आणि सुकाणूला करंगळी जाईल असे खड्डे. मामा म्हणाला, "अरे, झिंक खाऊक ठेवलेला असता, रंगवूक नाय!"

आता हाच सेल वहीत मांड. समुद्राचं पाणी म्हणजे विद्युत अपघटनी (आयनांतून वीज वाहून नेणारं द्रावण), लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. बोल्ट म्हणजे तार. जस्ताचं प्रमाण विभव −०.७६ व्होल्ट, लोखंडाचं −०.४४; हा आकडा जितका ऋण, तितका धातू इलेक्ट्रॉन सोडायला तयार. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला जास्त उतावीळ, म्हणून झिजतं ते. ऑक्सिडीकरण तिथे, म्हणजे ॲनोड तोच. लोखंड वाचतं, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. रंगाने जस्ताचा पाण्याशी संबंध तुटला की ब्राँझपुढे लोखंडच ॲनोड होतं. आता चिन्ह विचार: इलेक्ट्रॉन जस्तात तयार होतात आणि तिथून बाहेर पडतात, म्हणून ती बाजू ऋण. विद्युत अपघटनात तेच ऑक्सिडीकरण बाहेरची बॅटरी जबरदस्तीने करवते. तिचं धन टोक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, म्हणून तिथे ॲनोड धन.

(जस्त लावून धातू वाचवायची ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२४ साली इंग्रजी आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. तांबं वाचलं, पण त्याचे विषारी आयन पाण्यात सुटेनात म्हणून तळाला शिंपल्यांचा थर चढला आणि जहाजं जडावली. आरमाराने नाद सोडला.)

आता घरी एक प्रयोग कर. वाटीत कोकमाचं आगळ घे, त्यात तांब्याची तार आणि पत्र्याला मारतात तो जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, एकमेकांना न लागता. मल्टिमीटर लाव, एका व्होल्टच्या आसपास आकडा येईल. लगेच वहीत डॅनियल सेलची (पुस्तकातला जस्त-तांब्याचा सेल, त्यात तांब्याचे आयन तांबं होऊन साठतात) अभिक्रिया लिहून १.१० व्होल्ट मागू नकोस, ही चूक मी केली आहे. आगळात तांब्याचे आयन नाहीतच, मग तांबं साठणार कुठून? तारेवर आम्लातल्या हायड्रोजन आयनांचं क्षपण होतं. जस्त उतरलेलं असतं, तेव्हा त्या आगळाची सोलकढी नको, टाकून दे.

सॉल्ट ब्रिजचं फार मनावर घेऊ नकोस. पुस्तकातल्या सेलमध्ये दोन धातू दोन वेगळ्या भांड्यांत असतात, त्या दोन्ही भांड्यांतला आयनांचा हिशोब सारखा ठेवणारी ती वाट, बस. द्रावणाच्या तीव्रतेनुसार व्होल्टेज काढायचं नर्न्स्टचं समीकरण सरावाने बसतं.

फॅरडेच्या गणितात सूत्र पाठ करण्यापेक्षा एकक धरून चाल. समज, कॉपर सल्फेटमधून १ अँपिअर प्रवाह ९६५ सेकंद गेला. झाले ९६५ कूलोम. भागिले ९६५०० (एक मोल इलेक्ट्रॉनचा प्रभार, कूलोममध्ये), म्हणजे ०.०१ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.००५ मोल तांबं. गुणिले ६३.५ (एक मोल तांब्याचे ग्रॅम), साधारण ०.३२ ग्रॅम. 'दोन इलेक्ट्रॉन' ही पायरी विसरलास की उत्तर बरोबर दुप्पट येतं, आणि पर्यायांत तोही आकडा हमखास ठेवलेला असतो.

शेवटी स्वतःची परीक्षा घ्यायला एक प्रश्न देतो. बोटीतल्या दिव्यांची लेड बॅटरी घे. दिवे चालू असताना शिशाची पट्टी ॲनोड असते. किनाऱ्याला आल्यावर बॅटरी चार्जिंगला लावली की तीच पट्टी कॅथोड होते. टोकांवरचे + आणि − मात्र जागचे हलत नाहीत. हे का, ते वही न उघडता घरात कुणाला तरी समजावून सांग. आईला सांगितलंस तरी चालेल, अडशील तिथे तीच पहिली विचारेल. अडलास तर इथेच खाली लिही.