जुन्या मल्चरला जड पाती आणि मोठी पुली घातली तर पाचट बारीक होईल का?

6 फुटी जुनं मल्चर, म्हणजे पाचट बारीक करायचं ट्रॅक्टरमागचं मशीन, 45 एचपीचा ट्रॅक्टर, उसाचं पाचट लांबच राहतंय आणि मशीन थरथरतंय, असं तुम्ही लिहिलंय. थरथर असताना पुली मोठी करायचा सल्ला ज्यानं दिला, त्याला परत काही विचारू नका. आधी थरथर काढा.

पात्यांचं थोडक्यात सांगतो. पाचटाबरोबर बुडखेही फोडायचे असतील तर हातोडी पाती, नुसतं पाचट आणि गवत असेल तर इंग्रजी वाय आकाराची पाती. 45 एचपीला 6 फुटी मशीनवर हातोडी भरली तर गिअर खालचाच ठेवावा लागेल.

आता पुलीचं. आमचं गाव हुक्केरी तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला. दाजींनी आणि मी भागीत असंच एक वापरलेलं मल्चर घेतलं. सुरू केलं की ट्रॅक्टरचं मडगार्ड हलायचं, पट्टे तापून रबराचा वास यायचा. दाजींनी फिटर आणला. तो म्हणाला, जीपच्या स्प्रिंग पाट्याचे तुकडे वेल्डिंग करून पाती करू, गिअरबॉक्सवरची पुली मोठी घालू, पाचटाचं पीठ पडेल. मी नको म्हटलं. तर चार माणसांत दाजी म्हणाले, "तू काय लय मोठा इंजिनेर लागून गेलास काय?" ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

इंजिनिअर नसलो तरी हिशोब येतो. पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवर असताना असल्या मशीनचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला ड्रम, साधारण 1800 ते 2000 फेऱ्यांवर फिरतो. बेअरिंग, बोल्ट, ड्रमचं वेल्डिंग सगळं त्याच मापाचं असतं. फेऱ्या सव्वापट केल्या तर पात्याला बाहेर खेचणारा जोर दीडपटीच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यात पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं. वेल्डिंग केलं की जोडाशेजारी ठिसूळ होतं, आणि तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

मी रोटर उतरवला. बेअरिंगच्या सीलवर ठिबकची नळी आणि सुतळी आवळून बसलेली, ग्रीस सगळं बाहेर. आधीच्या मालकानं जिथं पातं तुटलं तिथं तेवढंच नवं घातलेलं, समोरचं झिजून अर्धं झालेलं. असा ड्रम थरथरणार नाही तर काय करणार?

सगळी पाती काढून नुसता ड्रम, शाफ्टच्या दोन्ही टोकांवर, लेव्हलमध्ये ठेवलेल्या दोन अँगलवर ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली येते. हलक्या बाजूला पट्टीचा तुकडा लावत जायचं, कुठंही सोडला तरी तिथंच थांबेपर्यंत. पाती लावून हे करू नका, ती झुलतात आणि फसवतात. मग प्रत्येक पातं दुकानातल्या काट्यावर तोलायचं आणि सारख्या वजनाची जोडी समोरासमोर घालायची. पुढं कधी एक तुटलं तर समोरचंही बदलायचं. बोल्ट हाय टेन्साइल, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे), पण बोटानं ढकललं तर पातं मोकळं झुललं पाहिजे.

एवढ्यावर मी थांबलो नाही. ड्रम लांब असतो. एक टोक वरच्या अंगाला जड आणि दुसरं खालच्या अंगाला जड असेल तर अँगलवर काहीच कळत नाही, फिरताना मात्र दोन्ही बेअरिंगं मार खातात. म्हणून बेळगावला उद्यमबागेत नेऊन फिरवून बॅलन्स करून घेतला. परत बसवताना दोन्ही पुल्या दोरी धरून एका रेषेत आणल्या आणि पट्टे सगळे एकदम नवे घातले. एकच नवा घातला तर सगळा ताण त्याच्यावर येतो.

पुली जुनीच ठेवून पाचट वीतभरापेक्षा आखूड पडायला लागलं. दाजी आजही म्हणतात, नवी पाती होती म्हणून. पाती मीच तोलून बसवली होती, दाजी!

आणि कंटाळून पाचट पेटवू नका, आमच्या दाजींचा तो जुना उपाय. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. सरीत कुट्टी पसरून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाका, पाणी द्या. खोडव्याला त्याचा फायदा होतो. काडी लावली की त्यातला जवळजवळ सगळा नत्र हवेत.

काही गोष्टी राहिल्या. पात्यांनी माती उकरायची नाही, मागचा रोलर आणि टॉप लिंक (ट्रॅक्टर-मशीन जोडणारा वरचा दांडा) त्या हिशोबानं लावा. खानापूरकडची दगडाळ जमीन असेल तर आणखी वर उचला. पीटीओ शाफ्टचे दोन्ही पाइप निदान एक तृतीयांश एकमेकांत असावेत. ठिबकच्या नळ्या आधी गोळा करा. मागच्या साखळ्या तुटल्या असतील तर नव्या लावल्याशिवाय शेतात जाऊ नका, आणि चालू मशीनमागं कुणाला उभं करू नका. पीटीओ बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरतो, तो पुरता थांबेपर्यंत खाली वाकायचं नाही. वाकायच्या आधी किल्ली खिशात.