निवासी शाळेवरच्या किशोर कादंबरीतली महत्त्वाकांक्षी नायिका स्वार्थी वाटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नायिका चौदा वर्षांची आहे आणि एका नामांकित निवासी शाळेत शिष्यवृत्तीवर आली आहे. तिला वर्गात पहिलं यायचंय, पुढे हेडगर्ल व्हायचंय. खर्डा वाचलेले तिघंही म्हणाले, पोरगी स्वार्थी वाटते. तर तिची महत्त्वाकांक्षा जरा कमी करावी का, आणि शेवटी तिला ते पद द्यावं की नाही, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

कमी करू नका. मी स्वतः अशाच एका शाळेत सहा वर्षं फीमाफीवर राहिले आणि आता किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांचं संपादन करते. असे खर्डे माझ्याकडे बरेच येतात. त्यातली नायिका वाचकाच्या मनातून उतरते ती फार हावरी असते म्हणून नव्हे. पहिलं आलं नाही तर तिचं काय जाणार आहे, हे लेखकाने सांगितलेलंच नसतं. मग वाचकाला फक्त तिची धावपळ दिसते, मागे लागलेलं काही दिसत नाही.

फी भरणाऱ्या मुलीचे गुण घसरले तर तिला बोलणी बसतात, शिकवणी लावली जाते. फीमाफीवरच्या मुलीचे घसरले तर माफी जाते, आणि माफीबरोबर खाट, खिडकी, मैत्रिणी सगळंच जातं. दर वर्षाच्या शेवटी आमची एक बैठक व्हायची. आमची म्हणजे आमच्याबद्दलची. आम्ही त्यात नसायचो. निकाल पाकिटातून घरी जायचा. त्या पाकिटाच्या भीतीने मी कधीच ट्रंक पूर्ण रिकामी केली नाही. वरचे कपडे कपाटात लावायचे, तळाशी दोन जोड घडी घालून तसेच ठेवायचे. सहा वर्षांत ते दोन जोड मला लहान झाले, तरी तळातून हलले नाहीत. तुमच्या मुलीच्या ट्रंकेच्या तळाशी काय आहे, हे वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच दिसू द्या. मग ती पहाटे चारला उठून अभ्यास करेल तेव्हा तिला कुणी स्वार्थी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे, ही महत्त्वाकांक्षा नक्की कुणाची, हे तुमचं तुम्हाला माहीत हवं. जॉर्ज ऑर्वेल या नावाने पुढे लेखक म्हणून प्रसिद्ध झालेला एरिक ब्लेअर लहानपणी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका निवासी शाळेत कमी फीवर शिकला. शाळेने त्याला तसं घेतलं, कारण हा मुलगा मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळवून आपलं नाव करेल असा तिचा हिशेब होता. मुख्याध्यापक त्याला या उपकाराची आठवण करून देत, असं त्याने नंतर लिहिलं. तो लेख १९५२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. म्हणजे अकरा-बारा वर्षांचं पोर अभ्यासाला बसतं तेव्हा त्याच्या डोक्यावर शाळेची हाव बसलेली असते, आणि ती आपलीच आहे असं ते समजून चालतं. तुमच्या नायिकेला हेडगर्ल व्हायचंय हे तिच्या मनात पहिल्यांदा कुणी घातलं? आईने, गावाकडच्या शिक्षकांनी, की मुलाखत घेणाऱ्या बाईंनी? त्या माणसाला एक चेहरा द्या.

ब्लेअर पुढे ईटनला गेला, तेही शिष्यवृत्तीवर. ईटनची गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये ही शाळा काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. पैसे भरून शिकणारी मुलं बाहेर, गावात राहत, म्हणून त्यांना ‘गाववाले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ऑपिडन म्हणू लागले. आजही तिथे शिष्यवृत्तीवरची ७० मुलं, म्हणजे किंग्ज स्कॉलर, असतात, पण आता ते गरिबीवर नाही, परीक्षेवर निवडले जातात. ते काळा झगा घालतात आणि त्या झग्यावरूनच इतरांनी त्यांना चिडवण्याचं नाव पाडलं. ज्यांच्यासाठी घर बांधलं तेच घरात वेगळे दिसू लागले आणि गाववाले मालक झाले. तुमच्या कल्पनेतल्या शाळेलाही असा जुना कागद द्या. नायिकेला तो ग्रंथालयात सापडू दे. ‘मी इथे उपरी नाही’ हे तिला भाषणातून कळण्यापेक्षा पिवळ्या पडलेल्या नोंदवहीतून कळलं तर ते तिला खरं वाटेल.

आता आपलेपणा. तो शाळेत पहिल्यांदा शब्दांतून आडवा येतो. विंचेस्टर ही इंग्लंडमधली १३८२ ची शाळा. तिथे मुलांची स्वतःची एक बोली होती, तिला ‘नोशन्स’ म्हणत. नव्या मुलांना ते शब्द पाठ करावे लागत आणि त्यांची परीक्षाही होई. आमच्या शाळेत परीक्षा नव्हती, शब्द मात्र होते. रात्रीच्या सक्तीच्या अभ्यासाच्या तासाला आम्ही ‘दिवा’ म्हणायचो. ‘दिवा लागला’ म्हणजे घंटा झाली, बोलणं बंद. पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, ‘कुठला दिवा? मी लावू का?’ आणि आख्खी डॉर्म हसली. दोन महिन्यांत तो शब्द माझ्या तोंडात इतका बसला की आईचा फोन आला तेव्हा मी सहज म्हणाले, ‘दिवा झाला की लगेच झोपते.’ आई क्षणभर गप्प झाली. मग काळजीने म्हणाली, ‘तिथे वीज नाही का गं?’ आणि मी वैतागून म्हटलं, ‘राहू दे, तुला नाही कळणार.’

तुमच्या कादंबरीत असा एक फोन हवाच. त्यात भांडण नको, रडारड नको. मुलीला आपण काय केलं हे कळायलाही नको. वाचकाला कळलं की झालं.

तुमचा खरा पेच मात्र याच्या पुढचा आहे. नव्या मुलीला वाटतं, पहिली आले की मी इथली होईन. पहिल्या सहामाहीतच ती पहिली येते. सगळे तिला मान देतात, पण जेवणाच्या बाकावर सरकून जागा कुणी देत नाही. जे खरोखर ‘इथले’ असतात ते घाम गाळताना दिसतच नाहीत. शेमस खान नावाचे समाजशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या सेंट पॉल्स या निवासी शाळेत शिकले, पुढे तिथेच शिकवायला गेले आणि त्या अनुभवावर त्यांनी २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं मुख्य निरीक्षण असं की मुलं तिथे सगळ्यात जास्त शिकतात ती सहजता: कुठेही, कुणाशीही, ताण न दाखवता वावरणं. आता ज्या मुलीला टिकण्यासाठी घाम गाळावा लागतो तिने सहज कसं दिसायचं? जितकी मेहनत, तितकी ती परकी. महत्त्वाकांक्षा आणि आपलेपणा यांची गाठ इथे पडते, आणि ती सुटू नये असं मला मनापासून वाटतं. कादंबरीचा मधला सगळा भाग तुम्ही याच गाठीवर चालवू शकता.

आमच्याकडे परीक्षेच्या सकाळी सगळ्या म्हणायच्या, ‘मी काही वाचलंच नाही.’ वर्षभर मला ते खरं वाटलं. मी पांघरुणात टॉर्च घेऊन वाचायचे आणि स्वतःला मठ्ठ समजायचे. एका रात्री मी उठले तर समोरच्या खाटेवरच्या पांघरुणातूनही उजेड येत होता. ती मुलगी म्हणजे आमच्या शाळेचं जुनं घराणं. तिची आजी आणि आई दोघींची नावं सभागृहातल्या गौरवफलकावर होती. तिने पांघरूण बाजूला केलं, माझ्याकडे पाहिलं, टॉर्च विझवला. दुसऱ्या दिवशी दोघीही काही बोललो नाही. पालकदिनाला माझे वडील त्याच फलकापुढे उभे राहून एकेक नाव बोट लावून वाचत होते. ‘खाली बरीच जागा आहे की,’ ते खूश होऊन म्हणाले. मला त्यांच्या बोटाची लाज वाटत होती. ती मुलगी शेजारीच उभी होती, आणि मला आज वाटतं, त्या मोकळ्या जागेची जितकी भीती तिला होती तितकी मला कधीच नव्हती.

म्हणून श्रीमंत मैत्रिणीला खलनायिका करू नका. तिला खरंच प्रेमळ असू द्या. ती आपला जुना ब्लेझर देईल, सुट्टीत घरी नेईल, आणि तिच्या चांगुलपणानेच तुमच्या मुलीचा जीव गुदमरेल. पद एकच असतं आणि ते दोघींनाही हवं असतं. तुमच्या नायिकेला त्या रात्रीच्या उजेडासारखी एखादी गोष्ट ठाऊक असेल आणि ती सांगितली तर मैत्रीण मागे पडेल, असा प्रसंग आणा.

गुप्त मंडळ, मध्यरात्रीची शपथ, भिंतीमागचा दरवाजा हे सगळं चालतं, वाचायला मजाही येते, पण खूप वापरून झालंय. त्यापेक्षा वर्गातला एक तास लिहा. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर शाळेत १९३० च्या एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीनंतर लंबगोल टेबलाभोवती शिकण्याची पद्धत आली. डझनभर मुलं आणि शिक्षक एकाच टेबलाशी बसतात आणि शिकणं म्हणजे बोलणं. अशा वर्गात मागचा बाक नसतो. तुमची मुलगी रात्रभर विचार केलेला मुद्दा अडखळत मांडते. कुणी काही म्हणत नाही. पाच मिनिटांनी तोच मुद्दा दुसरी एक जण खुर्चीत रेलून, हसत मांडते आणि शिक्षक मान डोलावतात. हे दोन पानांत नीट लिहिलंत तर गुप्त मंडळाची पन्नास पानं लिहावी लागणार नाहीत.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. तिला पद द्या. हरवून तिला शहाणं करण्याचा मोह मोठ्यांना होतो. किशोर वाचकाला त्यात लगेच शिक्षेचा वास येतो, आणि तो बरोबर असतो. इतकं झटणाऱ्या मुलीने जिंकण्यात गैर काय आहे? फक्त जिंकल्यावर कादंबरी संपवू नका. पुढच्या सत्राची पहिली संध्याकाळ लिहा, नव्या मुली आल्यात, त्यांतली एक फीमाफीवरची आहे, आणि आता डॉर्म तुमच्या नायिकेच्या ताब्यात आहे.

माझ्या पाचव्या वर्षी मी डॉर्मची प्रमुख होते. मी घंटा दिली आणि म्हणाले, दिवा लागला. कोपऱ्यातल्या खाटेवरची नवी मुलगी पटकन उठून बटण शोधू लागली. सगळ्या हसल्या. मीही हसले. ती भिंतीला हात लावून तशीच उभी राहिली, आणि मी तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.