वडिलांना शुगर निघालीये, त्यांचं त्यांना सांभाळायला कसं शिकवू?
आधी 'हे खाऊ नका ते खाऊ नका' बंद करा, त्याने माणूस चोरून खायला लागतो, आमच्या बाबांच्या उशीखाली पेढे सापडलेत. ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तावरून शुगर मोजायचं यंत्र, त्यांच्याच हातात द्या. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, दोन्ही आकडे वहीत, शेजारी काय खाल्लं ते. आठवडाभरात बाबा स्वतःच म्हणाले की पोहे खाल्ले की जास्त चढते गं, भाकरी-उसळीला तेवढी नाही. मी वर्षभर ओरडून जे झालं नाही ते वहीने केलं. सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला मारायची, कमी दुखतं, आणि आधी हात धुऊन पुसायचे, एकदा आंबा चिरलेल्या हाताने चेक केलं तर आकडा बघून घरभर धावपळ!

शुगर कमी झाल्यावर काय करायचं ते मात्र पहिल्याच दिवशी शिकवा, घाम, थरथर, ७० च्या खाली आकडा, की तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी परत चेक. गोळ्या-इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि रात्री झोपताना तळपायाला कुठे जखम-फोड नाही ना ते बघायची सवय लावा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून.