रोड बाइकची फ्रेम तडकली, बाकी पार्ट चांगले आहेत. नवी फ्रेम आणि फोर्क घेताना काय बघू?

आधी ब्रेक बघा. तुमचे रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील, तर मागच्या हबची रुंदी बहुतेक १३० मिमी. हल्लीच्या डिस्क ब्रेकच्या फ्रेम १४२ मिमी थ्रू-एक्सलच्या, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या. त्यात तुमची चाकं बसणार नाहीत. मग चाकं, ब्रेक, लिव्हर करत करत नवी सायकलच होते.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, शक्यतो फ्रेमसोबतच घ्या. मी शहाणपणा करून वेगळा सेकंडहँड घेतला. त्याची वरची नळी सरळ, २८.६ मिमीची, ती जिच्यात बसते ती फ्रेमची हेडट्यूब मात्र टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होणारी, दीड इंची बेअरिंगची. अडॅप्टर रिंग शोधण्यात नागपूरच्या सीताबर्डीत दोन रविवार गेले, वर आधीच्या मालकाने नळी इतकी कापलेली की हँडल धरणाऱ्या स्टेमला पकडायला जागाच नाही! मेजरटेप खिशात ठेवा राजेहो.

बॉटम ब्रॅकेट (पायडलचा दांडा फिरतो ती बेअरिंगची जागा) ६८ मिमी, आट्यांचाच बघा. प्रेस-फिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेला, नीट बसला नाही तर सेमिनरी हिल्सच्या चढावर प्रत्येक पायडलला करकरतो. सीटपोस्टचा व्यास जुळवून घ्या. अन् २८ मिमी टायर मावतो का, हे चाक लावूनच तपासा. आपले खड्डे ठाऊक आहेतच.

कार्बन सेकंडहँड? मी तरी घेणार नाही. आतला तडा रंगाखाली दिसत नाही.