जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात काढताना सुरुवातीची बोली किती ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना आग्फा क्लिक थ्री आणि यशिका मॅट १२४ जी हे दोन फिल्म कॅमेरे, दोन एचएमटी जनता घड्याळं, उस्ताद फैयाझ खाँच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तीन ग्रामोफोन तबकड्या आणि बडोदा संस्थानचा चांदीचा रुपया निघाला. सगळं लिलावात विकायचंय. एक जण सांगतो १ रुपयापासून सुरू करा, दुसरा सांगतो हवी असलेली रक्कमच लावा. यातलं कोणाचं ऐकायचं?

एकाच वेळी सगळ्या वस्तूंसाठी कोणाचंच ऐकू नका. सुरुवातीची बोली म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. एकच गिऱ्हाईक आलं तर ज्या भावात वस्तू द्यावी लागेल तो भाव म्हणजे सुरुवातीची बोली. म्हणून आधी विचार करायचा तो या वस्तूसाठी खरोखर किती जण भांडतील याचा.

समजा, तुमच्या यशिकासाठी एक जण ३००० पर्यंत जायला तयार आहे, दुसरा २२०० पर्यंत आणि तिसरा १५०० पर्यंत. बोली ५० रुपयांनी वाढते. तिघंही हजर असतील तर १०० पासून सुरू करा किंवा २००० पासून, कॅमेरा २२५० च्या आसपासच जाईल, कारण शेवटचा भाव जिंकणाऱ्याच्या खालचा माणूस ठरवतो. आता पहिला माणूस त्या आठवड्यात गावाला गेला असं धरा. १०० पासून सुरू केलेला लिलाव १५५० ला संपेल, २००० पासून सुरू केलेला २००० ला. पहिले दोघंही नसले तर मात्र १०० वाल्या लिलावात तिसरा माणूस एकटाच उरतो आणि कॅमेरा १०० रुपयांत घेऊन जातो. २००० वाल्या लिलावात कॅमेरा विकला जात नाही, पण घरातच राहतो. १ रुपयाची बोली फायद्याची ठरते ती गर्दी नक्की असेल तेव्हाच. बोली कमी असली की बघे जास्त येतात, लोक एकदा बोली लावली की मागे हटायला तयार नसतात, हे खरं आहे. पण त्यासाठी आधी बघे तरी हवेत.

मग तळाचा भाव कसा काढायचा? आजच्या आज रोख घेणारा दुकानदार किती देईल ते विचारा. त्यात पॅकिंगचा खर्च मिळवा आणि लिलावाची फी निघेल अशा बेताने वाढवा. दुकानदार ६०० देतोय, खोका, बबल रॅप, टेप मिळून १२० आणि फी समजा १० टक्के, तर ७२० भागिले ०.९, म्हणजे ८००. याच्या खाली सुरू करायचं असेल तर ती जोखीम आहे हे कळून घ्या. टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा आणि तो पहिल्या दिवशीच लिहायचा. बोली लावणारा टपाल मनात धरूनच बोलतो. नंतर सांगितलंत तर जिंकलेला माणूसही पैसे भरत नाही.

भाव बघताना ‘विक्रीसाठी’ लावलेले आकडे बघू नका. ते विकणाऱ्यांच्या अपेक्षा असतात. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’चा फिल्टर लावला की गेल्या ९० दिवसांत प्रत्यक्ष विकलेल्या वस्तू दिसतात. फेसबुकवरच्या संग्राहकांच्या ग्रुपमध्ये संपलेले लिलाव उघडून शेवटची बोली वाचा, आणि किती वेगवेगळे लोक बोलले तेही मोजा. माझ्या मते ही मोजणी भावापेक्षा मोलाची आहे. पाच-सहा जण असतील तर अपेक्षित भावाच्या पाव हिश्शापासून सुरू करायला हरकत नाही. दोघंच असतील तर थेट तळाचा भाव लावा.

आता तुमच्या वस्तूंकडे येऊ. आग्फा क्लिक थ्री बडोद्यातच बनत असे, त्यामुळे आपल्याकडे तो घरोघरी सापडतो. १२० ची फिल्म, ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो. वस्तू मुबलक आणि भाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कमी बोली चालते. चामड्याचं कव्हर आणि मूळ खोका असेल तर मात्र तळाचा भाव लावा, कारण तेव्हा गिऱ्हाईक वेगळं असतं.

यशिकाचं उलट आहे. तिथे स्थितीच भाव ठरवते, आणि पावसाळ्याची दमट हवा भिंगाला मानवत नाही. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर ठेवा (बटण दाबून धराल तोवर ते उघडं राहतं), ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, ३.५ वर पूर्ण उघडा. बटण दाबून धरून मागून मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. नुसते ठिपके म्हणजे बहुधा धूळ, तिचा फारसा परिणाम होत नाही. मग १ सेकंदाचा वेग लावून आवाज ऐका. घरघर मध्येच अडली तर आतलं वंगण घट्ट झालंय. दोन्ही गोष्टी फोटोसह स्पष्ट लिहा. ‘तपासलेला नाही’ असं लिहिलेला कॅमेरा लोक बिघडलेलाच समजतात आणि तेवढीच बोली लावतात. मग सुरुवातीचा आकडा कितीही विचार करून ठरवलेला असला तरी उपयोग नाही.

जनता घड्याळांचं मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून आतल्या यंत्राचा फोटो घ्या. बाजारात डायल नव्याने रंगवलेली एचएमटी खूप फिरतात. त्यांची अक्षरं जाड, कडा पसरलेल्या आणि मिनिटांच्या रेघा असमान असतात. तुमच्या डायलवर डाग असला तरी ती मूळ असेल तर पुसू नका, डागासकट दाखवा.

तबकड्यांचे गिऱ्हाईक मोजके पण जाणकार असतात. खाँसाहेब बडोदा दरबारचे गायक, त्यामुळे घेणारा नक्की आहे, पण तो या आठवड्यात बघेलच असं नाही. इथे तळाचाच भाव लावा आणि लिलाव सातऐवजी दहा दिवस चालवा. लेबलचा आणि रेकॉर्ड क्रमांकाचा फोटो द्या. ७८ ची तबकडी लाखेची, पडली की फुटते. तबकडीपेक्षा मोठे दोन कडक पुठ्ठे दोन्ही बाजूंना लावून, खोक्यात ती हलणार नाही अशीच बांधा.

रुपया चिंचेने किंवा राखेने घासू नका. चकाकी आली की संग्राहक निघून जातो. सोनाराकडे वजन करून चांदीचा दर काढा, तोच तुमचा तळ. सयाजीराव महाराजांची छबी असलेले रुपये शंभर वर्षांच्या वरचे आहेत, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली नाणी खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून लिलाव भारतापुरताच ठेवा.

बोलीची वाढ साधारण अपेक्षित भावाच्या दोन ते पाच टक्के ठेवा. १० रुपयांनी वाढणाऱ्या लिलावात लोक कंटाळतात, ५०० ने वाढणाऱ्यात गप्प बसतात. संपण्याची वेळ रविवारी रात्री नऊच्या सुमाराला ठेवा, महिन्याचा पहिला आठवडा उत्तम. नवरात्रात मात्र नको, निदान गिऱ्हाईक गुजरातचे असतील तर नकोच. त्या वेळी सगळे गरब्याला असतात. ग्रुपमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल, असं आधीच लिहून ठेवा. गुप्त राखीव किंमत (जिच्या खाली वस्तू द्यायची नाही, पण बोली लावणाऱ्यांना सांगायची नाही अशी) ठेवण्यापेक्षा तळाचा भाव उघड ठेवा. ‘राखीव किंमत गाठली नाही’ हे दोनदा वाचलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. आणि भाव चढवायला भावाला किंवा मित्राला खोटी बोली लावायला सांगू नका. ती फसवणूक आहे, आणि छोट्या ग्रुपमध्ये ती लगेच ओळखू येते.

वस्तू राहिली तर दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा टाकू नका. तीन-चार आठवडे थांबा, फोटो दिवसाच्या उजेडात नव्याने काढा, बोली पाचव्या हिश्शाने उतरवा. दुसऱ्यांदाही एकही बोली आली नाही तर गर्दी नाहीच असं समजा आणि ठरावीक किंमत लावून ठेवा. पैसे घेताना एक लक्षात असू द्या: यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन मागणारा ‘गिऱ्हाईक’ आला तर बोलणं तिथेच थांबवा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला विचारा.